एक न झालेली गावं

किमसाहेब ते वाक्य बोलले तेव्हा त्यांचं सगळं लक्ष वाटीतल्या मुळ्याच्या किमचीवर होतं. कंपनीच्या मागच्या गल्लीतलं दुपारच्या जेवणाचं छोटं हॉटेल, समोर मातीच्या भांड्यात अजून उकळतच असलेलं गुकबाप, वाफेनं माझा चष्मा धुरकटलेला. आदल्या रविवारी हामानला जाताना टेकडीच्या कण्यावर गवतानं झाकलेले मोठमोठे गोल उंचवटे ओळीनं दिसले होते, ते कुणाचे, एवढंच मी विचारलं. "गायाच्या राजांच्या कबरी. आमच्या पूर्वजांचे भाऊबंद," ते म्हणाले. "एकत्र आले नाहीत, म्हणून बुडाले." आणि भात रश्श्यात कालवायला लागले. गाया म्हणजे कोरियाच्या दक्षिणेतली जुनी, छोटी छोटी राज्यं. वडिलोपार्जित दुकान बुडवून बसलेल्या काकाबद्दल घरात बोलतात तसा तो सूर होता. त्यात राग नव्हता, थोडी लाज होती, आणि विषय आटोपायची घाई.

वाक्य साधंच, पण डोक्यातून जाईना. एक कारण उघड आहे. 'एकी नव्हती म्हणून बुडाले' हे आपणही शाळेपासून ऐकत आलोय, आणि ऐकून माना डोलावत आलोय. दुसरं कारण असं, की किमसाहेब स्वतः गिम्हे किम. म्हणजे ज्यांचं आडनाव किम आणि ज्यांच्या कुळाचं मूळ गाव गिम्हे, गायाच्याच एका राज्याचं गाव, त्यांतले. कोरियात आज ही मंडळी चाळीस लाखांहून जास्त आहेत, देशातलं सगळ्यांत मोठं कूळ. ज्या घराण्याचे इतके वारस आज कामाला जातायत, गाड्यांचे हप्ते भरतायत, त्याला 'बुडालं' कसं म्हणायचं?

मी मूळचा कोल्हापूरचा, फौंड्रीतला माणूस. कामानिमित्त चांगवॉनमध्ये राहतो. हे शहर सत्तरच्या दशकात कागदावर आखून उभारलं, रुंद सरळ रस्ते आणि दोन्ही बाजूंना कारखाने. इथं इतिहास असेल अशी शंकासुद्धा येत नाही. पण त्या दुपारनंतर वाचायला लागलो, आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून जायला लागलो, तेव्हा कळलं की ज्या जमिनीवर आमच्या मशिनी बसल्यात तिच्या आसपास दोन हजार वर्षांपूर्वीही लोखंडाचाच धंदा चालायचा. मग माझं वाचन इतिहासाचं राहिलं नाही, थोडंसं धंद्यातल्या जुन्या माणसांची चौकशी केल्यासारखं झालं.

त्या काळात कोरियाच्या दक्षिण भागात एक राजा नव्हता. पश्चिमेला माहान, पूर्वेला जिनहान, दक्षिणेला नाकदोंग नदीच्या खालच्या अंगाला ब्योनहान, असे छोट्या छोट्या राज्यांचे तीन संघ होते. कोरियन लोक त्यांना मिळून सामहान म्हणतात. त्यांच्याबद्दल सगळ्यांत सविस्तर लिहिलंय ते त्यांनी नव्हे, तिसऱ्या शतकातल्या चेन शोउ या चिनी इतिहासकारानं. माहानमध्ये पन्नासहून जास्त राज्यं, मोठ्यांत दहा हजारांवर घरं. जिनहान आणि ब्योनहान मिळून २४, त्यांतल्या मोठ्यांत चार-पाच हजार घरं आणि लहानांत सहाशे-सातशे. सहाशे घरांचं राज्य! कुणाचं लग्न निघालं की अख्खं राज्य पंगतीला बसत असणार.

चेन शोउचा वृत्तांत वाचताना साम्राज्यातल्या बाबूची आठी जाणवत राहते. माहानच्या लोकांत शिस्त कमी, असं तो म्हणतो. मुख्य गावात प्रमुख असतो खरा, पण वस्त्या एकमेकींत मिसळून राहतात आणि प्रमुखाला त्यांच्यावर नीट हुकमत चालवता येत नाही. सोनं-चांदीचं यांना काही वाटत नाही, मणी मात्र जीव की प्राण. कपड्यांवर शिवतात, गळ्यात घालतात, कानात लोंबवतात. पेरणी झाली की पाचव्या महिन्यात आणि सुगी झाली की दहाव्या महिन्यात देवतांना पूजतात, आणि मग रात्रंदिवस गाणं, नाच, दारू. डझनावारी माणसं एकामागे एक उठतात, जमिनीवर पाय आपटतात, वाकतात, सरळ होतात, हात आणि पाय एका ठेक्यात. एवढं सगळं लिहिणाऱ्यानं मध्येच एक ओळ टाकलीय, आणि ती वाचून मी थांबलो.

माहानच्या लोकांत गुडघे टेकून वंदन करायची रीत नाही.

लिहिणाऱ्याच्या लेखी ही उणीव होती. कोण कुणापुढे किती वाकतो यावर ज्या दरबाराची सगळी इमारत उभी, तिथल्या माणसाला गुडघे न टेकणारा समाज अर्धवटच वाटणार. मला मात्र ती ओळ हवेशीर वाटली. त्याच वृत्तांतात ब्योनहान-जिनहानबद्दल आणखी एक बारीकशी नोंद आहे: वाटेत दोन माणसं समोरासमोर आली, की दोघंही थांबतात आणि एकमेकांना वाट देतात. ज्यांच्यावर कुणाची हुकमत चालत नाही असं ठरवून टाकलं, त्यांच्याच शेजाऱ्यांबद्दल हेही लिहिलंय. ज्याच्या डोळ्यांत एवढं भरलं, त्यानं दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गिम्हेचं राष्ट्रीय संग्रहालय काळ्या विटांचं आहे. लोखंडाची आठवण म्हणून तसा रंग. बुसानहून येणारी छोटी रेल्वे जवळच थांबते. आत गेलं की शाळेच्या सहली राजाच्या चिलखताकडे आणि घोड्याच्या साजाकडे धावतात, आणि लोखंडाच्या पाट्यांच्या कपाटाशी कुणी नसतं. मी तिथंच रेंगाळतो. मधे कंबर बारीक, दोन्ही टोकं पसरट, अशा चपट्या पाट्या. कडा एकसारख्या नाहीत, हातोड्याचा मार कुठे जास्त बसला, कुठे कमी, ते गंजातूनही कळतं. ऐरणीवर ठोकून पसरवलेला हा कच्चा माल. यातून पुढे कुदळ करा, तलवार करा, किंवा काहीच करू नका आणि तशीच देऊन टाका, कारण बाजारात ती चलन म्हणूनही चालायची. चेन शोउ हेही सांगतो: इथं लोखंड निघतं, हान, ये आणि वा, म्हणजे आजूबाजूचे सगळे आणि समुद्रापलीकडचे जपानी बेटांवरचेही, ते न्यायला येतात. खरेदी-विक्रीत चीनमध्ये जसे पैसे तसं इथं लोखंड, आणि उत्तरेकडच्या दोन चिनी ठाण्यांनाही माल इथूनच जातो. कबरींत या पाट्या दहा-दहाच्या जुड्यांनी सापडल्यात, काही ठिकाणी तर मृताच्या खाली अंथरलेल्या. जपानात नाराजवळच्या एका कबरीतूनही अशा पाट्या शेकड्यांनी निघाल्या.

दहाची जुडी बांधणारा माणूस मला लगेच कळतो. मोजणी सोपी जावी, वाद होऊ नये, घेणाऱ्याला दर वेळी वजन करत बसायला लागू नये. त्यासाठी सगळ्यांनी आधी एक माप मान्य करावं लागतं. एक राजा नसताना हे झालं होतं. खाण एकाची, भट्टी दुसऱ्याची, बंदर तिसऱ्याचं असणार, आणि तरी माल पोचत होता. आमच्या धंद्यात पाच जणांची साखळी सांभाळताना जी कसरत होते, ती रोज पाहणाऱ्याला तरी हे 'एकत्र न येणं' वाटणार नाही.

चांगवॉनच्या उत्तरेला जुनाम नावाचं तळं आहे. हिवाळ्यात तिथं बदकांचे आणि हंसांचे थवे उतरतात, आणि माणसं दुर्बिणी घेऊन काठावर गारठत बसतात. त्याच्या जवळच दाहो-री गाव. चहूकडे पर्सिमॉनच्या बागा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्याकडेला नारिंगी फळांचे क्रेट रचलेले. या गावच्या शेतांत चोर जुन्या कबरी उकरत होते, म्हणून १९८८ मध्ये घाईनं उत्खनन सुरू झालं. पहिल्याच कबरीत ओकच्या अख्ख्या ओंडक्याची कोरलेली शवपेटी निघाली, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. पेटीखाली मुद्दाम खणलेल्या खड्ड्यात बांबूची टोपली, त्यात चिनी आरसा, चिनी नाणी, लोखंडी कुऱ्हाडी. आणि लाखेची लेखणी. एक नाही, पाच ब्रश. वीतभर लांब, दोन्ही टोकांना केस बसवलेले. सोबत एक लहानसा चाकू, लाकडी पट्टीवर चुकलेलं अक्षर खरवडून काढायला. लाखेच्या थाळीत पर्सिमॉन ठेवलेले होते. दोन हजार वर्षांनीही ओळखू आले.

म्हणजे या लोकांना लिहिता येत होतं, निदान व्यापारापुरतं तरी. त्या ब्रशांनी लिहिलेलं एक अक्षर उरलेलं नाही. उरलं ते बाहेरच्यांनी लिहिलेलं, आणि त्यांनीच यांच्या माहानी शेजाऱ्यांबद्दल सांगितलं की त्यांच्यात शिस्त कमी.

मृतांबरोबर मोठ्या पक्ष्यांची पिसं ठेवतात, म्हणजे त्यांना उडून जाता येईल, अशी ब्योनहान-जिनहानबद्दलची आणखी एक नोंद. या भागातल्या कबरींत बदकाच्या आकाराची मातीची भांडी सापडतात, शेपटीशी भोक, पाठीवर ओतायला तोंड. ती काचेमागे पाहिल्यावर जुनामला गेलो, तर पाण्यावर तीच मान, तोच शांत बावळट चेहरा. घडवणाऱ्याला नमुन्यासाठी लांब जावं लागलं नसणार.

या संघांतली मला सगळ्यांत जास्त गुंतवणारी गोष्ट मात्र सोदो. माहानच्या प्रत्येक राज्यात एक वेगळी जागा राखलेली असे. तिथं एक मोठा खांब उभारायचा, त्याला घंटा आणि ढोल टांगायचे, देवतांची पूजा करायची. पूजा करणारा वेगळा, राज्य चालवणारा वेगळा. आणि पळून आलेला कुणीही त्या हद्दीत शिरला, की त्याला परत द्यायचं नाही. चेन शोउ लगेच शेरा मारतो की त्यामुळे यांच्यात चोऱ्या फार. शिवाय तो म्हणतो, हे सोदो उभारणं बुद्धाच्या स्तूपासारखंच, फक्त त्यामागच्या चांगल्या-वाईटाचा हिशेब वेगळा. तिसऱ्या शतकातल्या चिनी माणसाला कोरियातल्या खांबाला उपमा द्यायला भारतातली वस्तू सुचावी, याची मला गंमत वाटली. आजही कोरियन खेड्यांच्या वेशीवर उंच काठीच्या टोकाला लाकडी बदक बसवलेलं दिसतं, त्याचं नातं अनेक अभ्यासक या खांबांशी जोडतात. जिथं राजाचा हात पोचत नाही अशी एक तरी जागा राज्यातच असावी, हे ज्यांना सुचलं, ते राज्यव्यवस्थेत मागासलेले होते असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भारताचा विषय निघालाच आहे तर राणीचंही सांगून टाकतो, कारण मी भारतीय आहे कळलं की गिम्हेत प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. अयुता नावाच्या देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक इसवी सन ४८ मध्ये समुद्रमार्गे आली आणि गायाच्या पहिल्या राजाशी, सुरोशी, तिचं लग्न झालं, अशी कथा तेराव्या शतकातल्या एका बौद्ध भिक्षूनं लिहून ठेवलीय. घटनेनंतर बाराशे वर्षांनी. अयुता म्हणजे अयोध्या, असं मानून शरयूच्या काठी तिचं स्मारकही झालंय. मला त्या कथेपेक्षा तिचे परिणाम खरे वाटतात. राणीनं काही मुलांना आपलं आडनाव दिलं म्हणे, म्हणून गिम्हे किम आणि गिम्हे हो ही कुळं एकाच रक्ताची मानतात आणि आपसांत सोयरीक करत नाहीत. एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळ गावाच्या माणसांनी लग्न करू नये असा कोरियात कायदाच होता, तो घटना न्यायालयानं १९९७ मध्ये मोडीत काढला. किमसाहेबांच्या बहिणीचं एक स्थळ यावरून मोडलं होतं. मुलगा हो होता. सगोत्र म्हणून मोडलेली लग्नं आपल्याकडेही ऐकलेली असल्यामुळे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. बाकी त्या राणीच्या झगमगाटात पाट्या ठोकणारे लोहार झाकले जातात, याचा मला थोडा राग आहे.

इथवर मी या गावांच्या बाजूनं बोलतोय, आणि बोलताना बरंही वाटतंय. पण चांगन्योंगला गेलं की तोंड बंद होतं.

ब्योनहानची राज्यं पुढे गाया झाली. कबरी टेकड्यांवर चढल्या, मोठ्या झाल्या, आणि त्यांत राजाबरोबर जिवंत माणसं जायला लागली. गोर्योंगच्या जिसान-दोंगला ४४ क्रमांकाच्या एकाच कबरीत तीसहून जास्त माणसं पुरलेली सापडली. चांगन्योंगच्या सोंगह्योन-दोंग टेकडीवर १५ क्रमांकाच्या कबरीत २००७ मध्ये एक मुलगी सापडली, सोळा वर्षांची, सहाव्या शतकातली. उंची साधारण पाच फूट, अक्कलदाढा यायच्या बाकी, कानात एक डूल. शास्त्रज्ञांनी हाडांवरून तिचा चेहरा घडवला. रुंद गाल, लहान हनुवटी, लांब मान. तिच्या पुढच्या दातांवर काहीतरी सतत चावून तोडल्याच्या खुणा आहेत, दोरा असावा. आणि पायांच्या हाडांवर खुणा आहेत वारंवार गुडघे टेकल्याच्या.

तिसऱ्या शतकात माहानमध्ये गुडघे टेकायची रीत नव्हती. सहाव्या शतकात चांगन्योंगच्या एका मुलीच्या हाडांत ती रीत उतरली होती. माहान वेगळं, गाया वेगळं, मध्ये तीनशे वर्षं, आणि तोवर चांगन्योंगवर शेजारच्या सिला राज्याची छाया पडलेली, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी मधला रस्ता दिसतोच. संघ म्हणून राहिले तरी आतले राजे मोठे होत गेले. एका मोठ्या राजापुढे वाकायचं नव्हतं, पण घरोघरचे छोटे राजे वाकायला लावत होतेच. त्या मुलीला संघ आणि साम्राज्य यांतला फरक किती जाणवला असेल? किमसाहेबांच्या वाक्याचं माझं उत्तर या टेकडीवर अडखळतं.

पुढचा राजकीय भाग थोडक्यात. इसवी सन ४०० मध्ये उत्तरेच्या गोगुर्योचं पन्नास हजारांचं सैन्य सिलाच्या मदतीला खाली उतरलं, तशी त्यांच्याच शिलालेखात नोंद आहे, आणि त्या धक्क्यातून गिम्हे नीट सावरलं नाही. गायाचं केंद्र आत, डोंगराकडे, गोर्योंगला सरकलं. ५३२ मध्ये गिम्हेच्या राजानं सिलापुढे शरणागती पत्करली, ५६२ मध्ये गोर्योंग पडलं. आणि एकत्र बसलेच नाहीत म्हणावं तर तसंही नाही. ५४१ मध्ये आणि पुन्हा ५४४ मध्ये पश्चिमेच्या बेक्जे राज्याच्या राजधानीत गायाच्या राज्यांचे प्रतिनिधी जमले होते, सिलाचं काय करायचं यावर बोलायला. यजमान बेक्जेचा डोळा स्वतःच्या फायद्यावर होता, आणि पाहुण्यांना ते दिसत होतं. अशा बैठका मी पुष्कळ पाहिल्यात. चहा चांगला मिळतो. गिम्हेच्या त्या शेवटच्या राजाचा पणतू म्हणजे किम यु-सिन, ज्यानं पुढे सिलाचा सेनापती होऊन तिन्ही राज्यं एका छत्राखाली आणली. न जुळलेल्यांच्या घरातल्याच पोरानं सगळ्यांना जुळवलं, तेही दुसऱ्याच्या नावावर.

पण गायाकडून खरं काय उरलं असं मला विचारलंत, तर बारा तारांचं गायागुम. वादकानं ते आडवं मांडीवर घ्यायचं, एक टोक जमिनीला टेकलेलं, उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हातानं ती दाबून सूर हलवायचा. गोर्योंगच्या संग्रहालयात प्रत्यक्ष ऐकलं. तार सोडल्यावर आवाज विझत नाही, डाव्या हाताच्या बोटाखाली कण्हत राहतो. बाराव्या शतकात लिहिलेल्या कोरियन इतिहासात याची हकिकत आहे. गायाचा राजा गासिल यानं हे वाद्य करवून घेतलं आणि म्हणाला, या राज्यांच्या बोली वेगवेगळ्या, मग सूर एक कसा असेल? त्यानं उरुक नावाच्या वादकाकडून बारा रचना करवून घेतल्या. त्यांची नावं टिकलीत, आणि बहुतेक नावं ठिकाणांची आहेत. बारा तारांच्या वाद्यावर एकेका गावाची वेगळी रचना, कुणाचंच गाणं दुसऱ्याच्या गाण्यात मिसळून न टाकता. लोखंडाच्या पाट्यांची दहाची जुडी आणि हे बारा सूर, दोन्ही एकाच डोक्यातून आल्यासारखे मला वाटतात.

मग देशात गोंधळ माजला आणि उरुक वाद्य घेऊन सिलात गेला. राजा जिनहुंगनं ५५१ मध्ये त्याचं वादन ऐकलं, त्याला आसरा दिला आणि तीन शिष्य त्याच्याकडे पाठवले. त्यांनी बाराही रचना शिकून घेतल्या, आणि मग आपसांत ठरवलं की हे फार दाट आहे, गुंतागुंतीचं, भारदस्त नाही. बाराच्या त्यांनी पाच केल्या. उरुकला कळलं तेव्हा तो आधी संतापला. मग त्यानं त्या पाच ऐकल्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो म्हणाला, आनंद आहे पण उधळलेला नाही, दुःख आहे पण रडवं नाही, हेच खरं. जा, तुमच्या राजापुढे वाजवा. त्या पाण्याचा अर्थ मला अजून लागत नाही. चांगलं ऐकल्याचं होतं, की सात गावं गेल्याचं? परक्या दरबारात आसऱ्याला आलेला म्हातारा आणखी काय म्हणू शकत होता?

सिलाच्या दरबाऱ्यांनी मात्र हरकत घेतली. बुडत्या राज्याचं संगीत घ्यायच्या लायकीचं नाही, म्हणाले. राजा म्हणाला, गायाचा राजा स्वतःच्या चैनीनं बुडाला, त्यात संगीताचा काय दोष? आणि ते वाद्य सिलानं आपलं केलं. त्याच इतिहासात गायागुमच्या दोन रागछटा सांगितल्यात, आणि दोन्ही मिळून रचनांची संख्या: १८५.